नवीन सीझनचे ड्रेस पॅटर्न आलेत, घ्यायचे कुठले? घरी शिवणाऱ्यांसाठी

फेब्रुवारी-मार्च आला की परदेशी पॅटर्न (कापड कापायचे तयार कागदी नमुने) कंपन्यांची समर कलेक्शन्स यायला लागतात, आणि क्लासचा बेसिक कोर्स नुकताच संपवलेल्या, घरात उषा नाहीतर सिंगर मशीन असलेल्या माणसाला एकदम सगळंच हवंसं वाटतं. मोकळे कॉटनचे ड्रेस, फुग्याच्या बाह्या, मागे दोरी, दोन्हीकडे खिसे. पीडीएफ पॅटर्न साधारण १० ते २० डॉलरला पडतो, मग काय एवढं, म्हणून आपण घेऊन टाकतो. पण खरा खर्च पॅटर्नचा नसतोच, तो असतो त्याला लागणाऱ्या तीन-चार मीटर कापडाचा आणि तुमच्या दोन-तीन रविवारांचा. म्हणून पैसे भरायच्या आधी वीसेक मिनिटं बसून पॅटर्न कसा तपासायचा ते सांगते. ज्यांनी आत्तापर्यंत मापावरून ड्राफ्टिंग करून कुर्ता, सलवार, ब्लाउज शिवलेत आणि तयार पॅटर्न पहिल्यांदाच घेतायत त्यांच्यासाठी हे आहे. ड्राफ्टिंग येत असेल तर फारच बरं, मुंढा (बाही जोडायची गोलाई) कुठे, टक्स (आकारासाठी घातलेली चिमटी) कुठे हे तुम्हाला वेगळं शिकवावं लागत नाही.

१. फोटो झाका, लाइन ड्रॉइंग बघा

प्रत्येक बऱ्या पॅटर्नसोबत एक साधं काळं-पांढरं रेखाचित्र असतं, पुढून आणि मागून. खरा पॅटर्न तोच. फोटोत मोठं फुलाफुलांचं प्रिंट असतं त्यात सगळे जोड लपतात, मुलीचे हात खिशात असतात त्यामुळे बाजूची शिलाई कशी बसलीय ते कळत नाही, केस मोकळे सोडलेले असले की खांदे आणि मागचा गळा झाकला जातो, आणि फोटोसाठी मागून पिना लावून ड्रेस अंगासरशी केलेला असला तरी आपल्याला कळायला मार्ग नाही. रेखाचित्रात लपायला जागाच नसते. एक अख्खी रेघ म्हणजे जोड, छातीकडे जाणारी छोटी तिरपी रेघ म्हणजे टक्स, जोडाला चिकटून बारीक बारीक रेघा असतील तर तिथे चुण्या, रेघेशेजारी तुटक रेघ म्हणजे वरून मारलेली टीप. मागच्या बाजूला मधोमध रेघ असेल तर चेन आहे का बघा, कारण फोटो पुढून काढलेला असतो आणि चेन मागे असते.

आता हे चित्र बघून स्वतःला विचारा, असाच कट आपल्याकडे आधीच आहे का? बऱ्याचदा नवीन सीझनचा ड्रेस म्हणजे मागच्याच वर्षीची बॉडी (ड्रेसचा वरचा भाग), बाही बदललेली आणि खाली एक झालर वाढवलेली. ए-लाइन कुर्त्याचं बसलेलं कटिंग तुमच्याकडे असेल तर बिनबाह्यांचा ए-लाइन ड्रेस विकत घ्यायची काहीच गरज नाही, कुर्त्याची उंची वाढवा, गळा बदला, झालं. पैसे द्यावेत ते आपल्याला काढता येणार नाही अशा गोष्टीला, म्हणजे शर्टाची नीट बसणारी कॉलर, रॅप ड्रेसचा पुढचा भाग, वेगळ्या आकाराचा खिसा. आणि ज्या कंपनीनं रेखाचित्र दिलंच नाहीये तिचा पॅटर्न मी तरी घेत नाही, फोटो कितीही गोड असू दे.

२. सीझन कुणाचा आहे ते बघा

अमेरिका-युरोपचा उन्हाळा जून ते ऑगस्ट, आपल्याकडे तेव्हा धो धो पाऊस. त्यांचं समर कलेक्शन फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं ते आपल्या उन्हाळ्याला अगदी वेळेवर, पण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ते कोट, जाड जॅकेट आणि पोलोनेकवर जातात आणि आपण इथे ऑक्टोबर हीटमध्ये घामाघूम. त्यावेळी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या कंपन्या बघा, मेगन नीलसन ऑस्ट्रेलियाची, पेपरकट न्यूझीलंडची. त्यांचा उन्हाळा डिसेंबरात सुरू होतो. ऑस्ट्रेलियाच्या पेपरमिंट मासिकाचे तर बरेचसे पॅटर्न फुकट आहेत, पहिला प्रयोग करायला उत्तम.

पावसाळ्यासाठी शिवायचं असेल तर दोनच गोष्टी, लांबी पोटरीच्या वर आणि अस्तर नको. घोट्यापर्यंतचा घेर चिखल गोळा करत फिरतो आणि अस्तर लावलेलं कॉटन जुलैत दोन दिवस वाळत नाही. अमेरिकेत किंवा युरोपात राहणाऱ्यांना अर्थात हा प्रश्न नाही, तुम्ही तुमच्या हवेप्रमाणे घ्या.

३. साइज, आणि इथेच सगळे फसतात

तुमचा रेडीमेडचा साइज विसरून जा. सिम्प्लिसिटी, मॅकॉल्स, बटरिक, व्होग या जुन्या अमेरिकन कंपन्यांच्या चार्टमध्ये ३६ इंच छाती, २८ कंबर, ३८ सीट (हिप्स) म्हणजे साइज १४. दुकानात मीडियम घेणारी मुलगी तो १४ बघून दचकते, दचकू नका, तो नुसता नंबर आहे. जर्मनीच्या बुर्डाचा नंबर आणखी वेगळा, तिथे ८८ सेंटीमीटर छातीला ३८ म्हणतात. छोट्या कंपन्यांचे चार्ट तर प्रत्येकीचे आपापले. म्हणून टेप घ्या आणि चार मापं लिहून ठेवा: अप्पर चेस्ट म्हणजे काखेखालून, छातीच्या वरून, मग पूर्ण छाती, कंबर आणि सीट. इंच आणि सेंटीमीटर दोन्हीत लिहा, पुढची डोकेदुखी वाचते.

पॅटर्नमध्ये दोन तक्ते असतात. एक अंगाच्या मापाचा आणि दुसरा शिवून तयार झालेल्या कपड्याच्या मापाचा. नवीन लोक पहिला बघतात आणि थांबतात. दुसरा जास्त महत्त्वाचा, कारण दोन्हीतला फरक म्हणजे लूझिंग, आणि ते किती ठेवायचं हे डिझायनरनं ठरवलंय, तुम्ही नाही. आपण ब्लाउजला एक-दोन इंच ठेवतो, कुर्त्याला तीन-चार. हल्लीच्या मोकळ्या ड्रेसमध्ये सात-आठ इंच सहज असतं.

उदाहरण घेऊ. तुमची छाती ३८, चार्टप्रमाणे साइज १६, आणि तयार ड्रेसची छाती लिहिलीय ४६. म्हणजे आठ इंच लूझिंग. आता तुमचा सगळ्यात आवडता, बसलेला कुर्ता कपाटातून काढा, पलंगावर सपाट पसरा, काखेच्या जरा खाली आडवी टेप धरा. समजा २१ इंच आलं, दुप्पट ४२. तुम्हाला ४२ची सवय आहे, ४६ अंगात घातलं की तंबू वाटणार. या साइजमध्ये दोन-दोन इंचांचा फरक असतो, म्हणजे १२ नंबरची तयार छाती ४२ येईल. मग १२ किंवा १४ काढा, फक्त खांद्याची रुंदी, मुंढा आणि सीट तुमच्या कुर्त्याशी ताडून बघा, कारण साइज उतरवला की तेही उतरतात. हे एवढं केलं तरी निम्म्या तक्रारी बंद होतील.

आता अप्पर चेस्टचं माप कशाला घेतलं ते. बहुतेक कंपन्या पॅटर्न बी कप धरून काढतात, म्हणजे अप्पर चेस्ट आणि छातीत दोन इंचांचा फरक. तुमचा फरक चार इंच असेल आणि तुम्ही छातीवरून साइज निवडलात तर छाती बसेल पण गळा आणि खांदे खाली घसरतील, ब्रा-चा पट्टा दिसत राहील, मग आपण म्हणतो पॅटर्नच खराब. तेव्हा साइज अप्पर चेस्टवरून घ्यायचा आणि पुढच्या भागात छातीला जागा वाढवायची, याला फुल बस्ट अ‍ॅडजस्टमेंट म्हणतात, व्हिडिओ ढिगानं आहेत. नाहीतर कपप्रमाणे वेगवेगळे भाग देणाऱ्या कंपन्या शोधा, कॅशमेरेट एच कपपर्यंत देते. बिनटक्सच्या मोकळ्या ड्रेसमध्ये हा त्रास कमी, पण तिथे पुढचा घेर मागच्यापेक्षा वर उचलला जातो, तो बघा.

उंची. बुर्डाचे नेहमीचे साइज १६८ सेंटीमीटर, म्हणजे साडेपाच फुटी बाईसाठी असतात. तुम्ही पाच फूट एक इंच असाल तर पाच इंचांचा फरक आहे, आणि तो सगळा खालून हेमला, म्हणजे खालच्या दुमडीला, कापून चालत नाही. कंबरेची रेघ सीटवर येते, टक्स छातीच्या खाली उतरतो, खिसे गुडघ्याकडे जातात. पॅटर्नच्या बॉडीवर कंबरेच्या वर दोन समांतर रेघा दिलेल्या असतात, तिथे घडी घालून थोडी उंची आधी कमी करायची, मग उरलेली खालून. त्या रेघा दिल्यात का हेही घ्यायच्या आधी विचारायला हरकत नाही.

४. कापड: पन्हा (रुंदी), फॉल (कापड अंगावर कसं पडतं) आणि साडी

पॅटर्नवर लिहिलेलं असतं की अमुक मीटर, ११५ किंवा १५० सेंटीमीटर पन्ह्याचं. आपल्याकडे कॉटनचा पन्हा बहुतेक ४४ इंची, म्हणजे साधारण ११२, काही हातमाग आणि खादी ३६ इंची, खण तर त्याहूनही अरुंद. पन्हा कमी तर कापड जास्त. पॅटर्न म्हणत असेल १५० पन्ह्याचं अडीच मीटर, तर ४४ इंचीत साधारण साडेतीन मीटर धरून चाला, आणि घेराचा एकच भाग ४४मध्ये बसत नसेल तर तो हिशोबही उपयोगाचा नाही. दुकानात आधी पन्हा विचारा मग भाव. मुंबईच्या मंगलदास मार्केटमध्ये असो की पुण्याच्या लक्ष्मी रोडवर, काउंटरवरचा माणूस ‘ताई, किती मीटर फाडू’ असं विचारतो तेव्हा आपल्याकडे तयार उत्तर असलं पाहिजे, नाहीतर तोच सांगतो आणि तो कुर्त्याचा अंदाज सांगतो, ड्रेसचा नाही.

सध्या सगळीकडे आहे तो तीन मजली झालरींचा ड्रेस घेऊया. बॉडीच्या खालच्या कडेला ४४ इंच घेर. पहिली झालर दीडपट, ६६ इंच. दुसरी तिच्या दीडपट, ९९. तिसरी १४८. नुसत्या शेवटच्या झालरीलाच पावणेचार मीटर हेम आहे, आणि त्याआधी १४८ इंचांच्या चुण्या ९९मध्ये सारख्या वाटून बसवायच्यात. प्रत्येक झालर अकरा इंच उंच धरली तर ४४ पन्ह्यात आठ पट्ट्या लागतात, म्हणजे ८८ इंच, जवळजवळ सव्वादोन मीटर फक्त झालरींना, मार्जिन (शिलाईसाठी सोडायचं कापड) वेगळं, बॉडी आणि बाह्या वेगळ्या. पॅटर्नवर ‘बिगिनर’ लिहिलेलं असतं आणि ते खोटं नाहीये, अवघड असं काही नाही त्यात, पण वेळखाऊ आहे. हा हिशोब कुठल्याही झालरीच्या ड्रेसला करून बघा, करायला पाच मिनिटं लागतात.

आणि हाच ड्रेस जुन्या कॉटनच्या साडीतून काढायला मात्र एक नंबर. साडी साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच लांब, आणि काठ लांबीच्या दिशेनं धावतो. झालरी म्हणजे सरळ पट्ट्या, म्हणून शेवटची १४८ इंची झालर एका काठाकडून अखंड कापायची, काठ खाली ठेवायचा, जोड नाही आणि हेमही मारायला नको. दुसऱ्या काठाकडून ९९ आणि ६६ च्या दोन झालरी, मिळून १६५ इंच, त्याही बिनजोड. मधल्या एकवीस-बावीस इंचात आणि उरलेल्या टोकात बॉडी-बाह्या बसतात. हेच गोल घेराच्या किंवा कळ्यांच्या ड्रेसला जमत नाही, खालची कड गोल आणि काठ सरळ, काठ वळत नाही, म्हणून साडीसाठी पॅटर्न निवडताना रेखाचित्रात खालची कड आणि झालरींचे तुकडे सरळ आहेत ना एवढं बघायचं. कापायच्या आधी साडी उजेडासमोर धरा, निऱ्यांची आणि खोचायची जागा विरलेली असते, तिथून मोठे भाग काढू नका.

फॉलबद्दल. पॅटर्नवर सुचवलेली कापडं दोन जातीची असतात, अंगावर पडणारी, म्हणजे रेयॉन, व्हिस्कोस, मऊ मलमल, आणि उभी राहणारी, म्हणजे पॉपलिन, जाड लिनन, खण. फुग्याची बाही रेयॉनमध्ये लोंबते, आणि चुण्यांची कंबर पॉपलिनमध्ये बाहेर फुगून आपण दोन किलो जाड दिसतो. दुकानात कापडाचं टोक मुठीच्या वरून खाली सोडून बघा, मुठीला धरून पडलं तर पडणारं, छत्रीसारखं बाहेर राहिलं तर उभं. होजिअरीचे, ताणाच्या कापडाचे पॅटर्न पहिल्यांदा नकोत, त्याला सुई वेगळी लागते, ताण किती हवा ते मोजावं लागतं. आणि कापड कुठलंही असो, कापायच्या आधी रात्रभर पाण्यात टाका, कॉटन आटतं आणि गडद रंग सुटतो.

५. तुम्हाला काय येतं

रेखाचित्रावर बोट ठेवून मोजा, न येणाऱ्या गोष्टी किती. कॉलर, लपवलेली चेन, काज, अस्तर, बाहीची कफ. एक नवीन असेल तर घ्या. दोन असतील तर विचार करा, तीन असतील तर पुढच्या वर्षी. काज मशीनवर होत नसतील तर सरळ बाहेरून करून घ्या, मॅचिंग सेंटर किंवा टेलरकडे होतात, त्यासाठी पॅटर्न सोडू नका.

मार्जिनची एक गंमत. अमेरिकन पॅटर्नमध्ये ५/८ इंच, म्हणजे दीड सेंटीमीटर मार्जिन धरलेलंच असतं. बुर्डा मासिक, जे जर्मनीत १९५० पासून निघतंय, आणि फिनलंडचं ओटोब्रे, यांच्यात ते नसतं, आपण कागद उतरवून घ्यायचा आणि मार्जिन वाढवायचं. शिवाय मासिकात एकाच मोठ्या कागदावर पाच-सहा कपड्यांच्या रेघा एकावर एक छापलेल्या असतात, पहिल्यांदा बघणाऱ्याला गरगरतं. पॅटर्नमध्ये मार्जिन आहे का नाही हे पहिल्या पानावर लिहिलेलं असतं, तिथेच बघा. आणि आपली टेलरची सवय सोडू नका, बाजूच्या शिलाईला कापतानाच इंचभर जास्त ठेवा, पुढे उसवून सैल करता येतं. तिकडच्या पॅटर्नमध्ये ही सोय नसते.

६. रिव्ह्यू, पण एक महिना थांबून

पॅटर्न आला त्याच आठवड्यात जे फोटो दिसतात ते टेस्टर लोकांचे, कंपनीनं आधी फुकट दिलेला पॅटर्न शिवणाऱ्यांचे. ते खोटं बोलतात असं मी म्हणत नाही, पण तक्रार करणार नाहीत हे उघड आहे. महिनाभर थांबा, स्वतःच्या पैशानं घेणारे शिवतात आणि मग कळतं की मुंढा खोल आहे का, गळा उघडा पडतो का. त्यांच्यात तुमच्या बांध्याची, तुमच्या उंचीची बाई शोधा, नुसत्या रेटिंगच्या चांदण्या मोजू नका. पॅटर्न रिव्ह्यू ही साइट दीपिका प्रकाश यांनी २००१ मध्ये सुरू केलेली, तिथे जुन्या कंपन्यांच्या पॅटर्नवर लोकांनी काय काय बदललं तेसुद्धा लिहिलेलं असतं. थांबण्यात लाँचची सूट जाते हे खरं, पण नोव्हेंबरच्या सेलमध्ये तोच पॅटर्न बहुतेक परत स्वस्त होतो.

७. पैसे आणि प्रिंट

कागदी पॅटर्न मागवलात तर पोस्टेज पॅटर्नइतकं होतं आणि वर कस्टमची भीती, म्हणून इथे राहणाऱ्यांनी पीडीएफच घ्यावी. कार्डावर इंटरनॅशनल व्यवहार बंद असतील तर बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करा आणि काम झालं की परत बंद. अमेरिकेतल्या मैत्रिणी पूर्वी जोअ‍ॅन या कापडाच्या दुकानांच्या सेलमध्ये कागदी पॅटर्नची पाकिटं उचलून आणायच्या, ती दुकानं २०२५ मध्ये बंद झाली.

फाइल ए४ आणि ए० दोन्हीत आहे ना बघा. ए० म्हणजे सोळा ए४ची जागा, आणि ड्रेसला असे दोनेक ए० लागतात, त्यामुळे ए४वर तीस-चाळीस पानं चिकटवत बसावी लागतात. आर्किटेक्ट आणि इंजिनीअर लोकांची ड्रॉइंग जिथे निघतात त्या प्लॉटरच्या दुकानात ए० काळ्या-पांढऱ्यात निघतो, माणसाला एवढंच सांगा की स्केल शंभर टक्के, फिट टू पेज नको. आधी फक्त चाचणीचा चौकोन असलेलं पान काढा आणि पट्टीनं मोजा. दहा सेंटीमीटरचा चौकोन ९.६ आला तर चार टक्के गेले, चाळीस इंच छातीत दीड इंचाहून जास्त, म्हणजे जवळजवळ एक अख्खा साइज. आणि फाइल ग्रुपवर फॉरवर्ड करू नका, ती एका माणसाची विकत घेतलेली असते, बरेचसे डिझायनर एकटेच घरातून काम करतात.

८. मांजरपाटावर एकदा

चांगलं कापड कापायच्या आधी मांजरपाटावर एकदा शिवून बघा, पूर्ण ड्रेस नाही, फक्त बॉडी आणि एक बाही. मांजरपाट धुऊन इस्त्री करा, मशीनचा टाका सगळ्यात लांब ठेवा म्हणजे उसवायला सोपं, मार्जिन बाहेर दिसलं तरी चालेल. घालून हात वर करा, पुढे वाका, खुर्चीवर बसा, स्कूटरच्या हँडलला धरल्यासारखे हात पुढे घ्या. पाठीवर ताणलं तर पाठीला जागा हवीय, मुंढ्यातून ब्रा दिसली तर मुंढा वर घ्यायचा, गळा पुढे उघडा पडला तर खांद्याच्या शिलाईतून पाव-अर्धा इंच घ्या. पेन्सिलनं तिथेच खुणा करा, उसवा, त्या खुणा कागदावर उतरवा आणि कागदावर तारीख आणि तुमची त्या दिवशीची मापं लिहा. एवढं करूनही मांजरपाटावर काही म्हणता काही बसत नसेल तर तो पॅटर्न बाजूला ठेवा आणि जमवलेल्या कापडाचा कुर्ता शिवून टाका, उन्हाळा तसाही मे अखेरपर्यंतच आहे.